चौथ्या लॅपला पेडल खाली गेलं: एका हॅचबॅकच्या ब्रेक कूलिंगचं प्रकरण

गाडी माझी नाही हे आधीच सांगतो. गाडी ओझरकडच्या एका द्राक्ष बागायतदार मित्राची, टर्बो पेट्रोल हॅचबॅक, मॅप मारलेला (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली), पुढची दोनच चाकं ओढणारी, आणि माणूस धरून वजन साधारण 1350 किलो. मी नाशिकच्या अंबडला प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत मेंटेनन्स बघतो, त्यामुळे हिटर, थर्मोकपल (तापमान मोजायची तार), ब्लोअर, होज यांच्यात दिवस जातो आणि म्हणूनच हे लचांड माझ्या गळ्यात आलं. गाडीचं मॉडेल मुद्दाम सांगत नाही, कारण दोष मॉडेलचा नव्हताच, आणि सांगितलं की अर्धी चर्चा तिकडेच जाते.

तर झालं असं. पुण्याच्या बाजूला एका छोट्या ट्रॅकवर ट्रॅक डे (आपापली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) होता, आम्ही पहाटे चारला नाशिक सोडलं, मंचरला चहा, नऊला ट्रॅकवर. पहिले तीन लॅप मजेत. चौथ्या लॅपला सरळ रस्त्याच्या शेवटी याने ब्रेक दाबला तर पेडल अर्ध्याच्या खाली गेलं, मऊ, स्पंजावर पाय दिल्यासारखं. घाबरून दोन-तीनदा पंप केला तेव्हा कुठे गाडी धरली, तरी कडेच्या मातीत गेलीच. कोणाला लागलं नाही. पिटमध्ये आला, चेहरा पांढरा, आणि पहिलं वाक्य "भाऊ, मोठे ब्रेक टाकून घेऊ, बिग ब्रेक किट." मी म्हटलं थांब, आधी काय तापलं ते तर बघू.

इथेच सगळ्यांची गल्लत होते. "ब्रेक फेड झाले" असं सरसकट म्हणतात पण त्यात दोन वेगळे आजार आहेत आणि पाय त्यातला फरक सांगतो. पेडल मऊ होऊन खाली जातं तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं, कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर बुडबुडे चेपण्यात जातो. पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, तेव्हा ऑइल ठीक असतं, पॅड त्याच्या तापमानाच्या बाहेर गेलेलं असतं आणि डिस्कला धरत नाही. आमचा केस सरळ पहिल्या प्रकारचा. पंप केल्यावर परत आलं ही तर खूणच.

ऑइल कधी बदललं होतं विचारलं तर म्हणतो बदलतात का ते? तीन वर्षं झाली होती. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, म्हणून डॉट 4 दर्जाच्या ऑइलच्या डब्याचे दोन आकडे असतात, कोरडं असताना उकळबिंदू किमान 230 अंश आणि पाणी शिरल्यावर (हे मोजतात 3.7 टक्के पाण्यावर) किमान 155. म्हणजे नवीन ऑइल आणि जुनं ऑइल यांच्यात 75 अंशांचा फरक, आणि तो फरक फुकटात, कुठलाही डक्ट (ब्रेकवर हवा नेणारा पाइप) न लावता मिळतो. घरी येऊन ब्लीड केलं, म्हणजे जुनं ऑइल काढलं, तर ऑइल कोऱ्या चहासारखं निघालं.

छोटा ट्रॅक सोपा असतो हा गैरसमज

मित्राचं म्हणणं होतं, अरे एवढा छोटा ट्रॅक, दीडशेच्या वर स्पीडच जात नाही, तिथे ब्रेक कसे तापतात? म्हणून त्याला हिशोब करून दाखवला. ताशी 140 वरून 60 वर यायला 1350 किलोच्या गाडीची सव्वाआठशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा मारावी लागते. त्यातली सत्तर-बहात्तर टक्के पुढच्या ब्रेकवर, म्हणजे एका पुढच्या डिस्कच्या वाट्याला साधारण 300. आपली डिस्क साडेसहा किलोची, बिडाची. एक किलो बीड एक अंशाने तापवायला अर्धा किलोज्यूल लागतो. भागाकार करा, एका ब्रेकिंगला डिस्क नव्वद-एक अंशांनी चढते. अशी पाच जोरदार ब्रेकिंग एका लॅपमध्ये, आणि लॅप दीड मिनिटाच्या आतला.

आता मोठ्या ट्रॅकवर, समजा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, 5 किलोमीटरच्या वर, तिथे एका ब्रेकिंगला डिस्क याच्या दुप्पट चढेल, पण मग लांब सरळ रस्ता असतो, गाडी वेगात पळत असते, डिस्कला गार व्हायला वेळही मिळतो आणि वाराही. छोट्या ट्रॅकवर दोन्ही नाही. एक कोपरा संपतो न संपतो तोच दुसरा, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गात वाढतो, त्यामुळे 140 ला जो वारा मिळतो त्याचा चौथा भागही 60 ला मिळत नाही. हे ऐकल्यावर तो गप्प बसला.

दुसरी फेरी: ऑइल, पॅड, आणि मोजमाप

दुसऱ्या ट्रॅक डेच्या आधी फक्त दोन गोष्टी बदलल्या. ऑइल मोट्युलचं आरबीएफ 600, कोरडा उकळबिंदू 312 अंश, ओला 205. आणि पुढचे पॅड ट्रॅकचे, जे गार असताना आवाज करतात, धूळ सोडतात, कॉलेज रोडला सिग्नलवर थांबताना शेजारचा माणूस वळून बघतो, पण तापल्यावर धरतात.

मोजायला तीन गोष्टी घेतल्या. एक, डिस्कच्या बाहेरच्या कडेवर लावायचा थर्मल पेंट, तीन ठिपके, हिरवा 430 अंशांना रंग बदलतो, केशरी 560 ला, लाल 610 ला, आणि एकदा बदलला की परत येत नाही, म्हणजे सर्वात वर कुठे गेलं ते लपवता येत नाही. व्हेंटिलेटेड डिस्क म्हणजे दोन ताटं आणि मध्ये पाकळ्या, म्हणून आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही ताटांच्या कडेला ठिपके दिले, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला आलं. दोन, कॅलिपरवर चिकटवायच्या तापमान पट्ट्या. तीन, आमच्या मशीनच्या स्पेअरमधला बारीक के टाइप थर्मोकपल (मॅनेजर साहेबांना विचारून, उगाच शंका नको), पॅडच्या लोखंडी पाठीत भोक पाडून बसवला, दोन्ही बाजूंना एक एक, आणि आकडे नोंदवून ठेवणारा छोटा लॉगर.

इन्फ्रारेड गन होती हाताशी पण तिच्यावर विश्वास ठेवू नका. घासून चकचकीत झालेल्या डिस्कवर ती कमीच दाखवते, आणि पिटमध्ये येईपर्यंत डिस्क शे-दीडशे अंश उतरलेली असते. मोल्डच्या चकचकीत कॅव्हिटीवर गन मारून फसलेले ऑपरेटर मी रोज बघतो.

निकाल असा आला की पेडल शेवटपर्यंत टणक. म्हणजे मूळ तक्रार ऑइल आणि पॅडवरच मिटली, काम संपलं असं म्हणता आलं असतं. पण आता ब्रेकवर भरवसा आला म्हणून गडी उशिरा ब्रेक मारायला लागला, लॅप वाढवले, आणि डिस्क अजून वर गेली. हिरवा ठिपका दोन्हीकडे उडाला, उजवीकडे केशरीपण अर्धा गेला. लॉगरवर डाव्या पॅडची पाठ 410 च्या आसपास, उजवी 480.

डावी-उजवीत सत्तर अंशांचा फरक का? मी दोन दिवस कॅलिपर अडकलाय या संशयात घालवले, पिन काढल्या, ग्रीस लावलं, पिस्टन ढकलून बघितला, सगळं मोकळं. मग डोक्यात आलं. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने, म्हणजे जास्त कोपरे उजवे, उजवं चाक आतलं, हलकं. कोपऱ्यातून बाहेर पडताना हा ॲक्सिलरेटर पिळतो, आतलं चाक फिरायला बघतं, आणि या गाडीत खरा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (आतलं चाक रिकामं फिरू न देणारी गिअरची रचना) नाही, तर कॉम्प्युटर त्या आतल्या चाकाला गुपचूप ब्रेक लावून तेच काम करतो. म्हणजे ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवर असताना उजवा ब्रेक चालू! ट्रॅक्शनचं बटण बंद केलं तरी ही सिस्टिम पूर्ण बंद होत नाही. त्याला सांगितलं पुढच्या वेळी कोपऱ्याच्या मध्यावर ॲक्सिलरेटर पिळू नको, स्टिअरिंग सरळ होत आलं की दे. एवढ्याने फरक कमी झाला, पूर्ण गेला नाही. कोणी ब्रेक कूलिंगचा विचार करत असेल तर आधी हे बघा, मला तरी हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

हवा कुठून घ्यायची

डक्ट लावायचा ठरला. लोक सरळ फॉग लॅम्प काढतात आणि त्या भोकात पाइप घालतात. आमच्याकडे ते मी होऊ दिलं नाही, जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी-कसाऱ्याच्या धुक्यात फॉग लॅम्प काढून फिरणारा माणूस मला वेडा वाटतो. दुसरी जागा शोधायची तर दाब मोजायला हवा. गवंडी लेव्हल काढायला जी पारदर्शक नळी वापरतात ती आणली, यू आकारात वाकवून डॅशबोर्डजवळ पट्टीवर चिकटवली, त्यात रंगाचं पाणी, एक टोक केबिनमध्ये आणि दुसरं बंपरवर वेगवेगळ्या जागी. ओझरच्या हायवेला ताशी 80 स्थिर धरून गाडी चालवायला तो आणि पट्टी बघायला मी. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, हवा जरा विरळ, तरी 80 ला सगळी हवा अडवली तर नळीच्या दोन बाजूंच्या पाण्यात जास्तीत जास्त 28 मिलिमीटरचा फरक पडायला हवा.

नंबर प्लेटच्या खाली मधोमध 25 मिळाले. फॉग लॅम्पशेजारच्या जाळीत 19. बंपरच्या खालच्या कडेला 6-7, आणि चाकाच्या अगदी पुढे, जिथे बाजारातल्या तयार किटचे तोंड असतात तिथे जवळजवळ शून्य. केबिनचा दाबही थोडा बदलतो म्हणून आकडे शुद्ध नाहीत, पण जागांची तुलना करायला पुरतात. मधली जागा सगळ्यात चांगली पण ती हवा इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा) आणि रेडिएटरची, तिथून चोरली तर ब्रेक वाचतील आणि इंजिन तापेल. म्हणून जाळी, 19 वाली.

होजसाठी नेटवर बघितलं तर रेसिंगचं नाव लागलं की किंमत तिप्पट. आमच्या मोल्डिंग मशीनच्या हॉपर ड्रायरला जी तांबडी-केशरी सिलिकॉन होज असते, आत ग्लास फायबर आणि स्टीलची तार, ती गरम हवेसाठीच बनलेली असते. अडीच इंची घेतली. नाशिकमध्ये अंबड-सातपूरला हे इंडस्ट्रियल दुकानात मागितलं की मिळतं, कोणी विचारतही नाही कशाला हवं.

माझी चूक

आता इथे मी माती खाल्ली. घाई होती, ट्रॅक डे आठ दिवसांवर. डिस्कच्या मागे जो पातळ पत्रा असतो, डस्ट शील्ड, तो काढून टाकला आणि होजचं तोंड ब्रॅकेटने डिस्कच्या आतल्या बाजूवर रोखलं. हवा लागतेय ना, बास.

दोन गोष्टी झाल्या. नाशिकच्या द्वारका चौकात यू टर्न मारताना स्टिअरिंग पूर्ण वळलं आणि टायरने होज खाल्ली, ट्रॅकवर जायच्या आधीच. मी गाडी जॅकवर चढवून बघितली होती, पण चाक लटकलेलं असताना, सस्पेन्शन दाबलेलं असताना नाही. दोन्ही स्थितीत, दोन्हीकडे पूर्ण लॉक मारून बघायचं असतं. ती दुरुस्त केली, ट्रॅकवर गेलो, आणि दुपारपर्यंत स्टिअरिंगला थरथर सुरू झाली. ठिपके बघितले तर आतल्या ताटाचा हिरवा शाबूत, बाहेरच्या ताटाचा उडालेला. एका डिस्कची एक बाजू गार आणि दुसरी गरम, म्हणजे ती ताटलीसारखी वाकायला बघणारच. शिवाय पत्रा काढल्यामुळे डिस्कची धग सरळ बॉल जॉइंटच्या (चाक ज्यावर वळतं त्या सांध्याच्या) रबर बूटवर आली आणि बूट भाजून कडक झालं. तो पत्रा फक्त धुळीसाठी नसतो, हे मला एका बूटच्या आणि मजुरीच्या पैशात कळलं.

हे मालकाला समजावताना मला जास्त बोलावंच लागलं नाही. तो म्हणाला, "म्हणजे फवारणीच्या ब्लोअरसारखं." बागेत औषध मारताना हवा नुसती बाहेरून पानांवर आपटली तर वरची पानं चिकटतात आणि आत घडापर्यंत काही जात नाही, हवा कॅनोपीच्या (वेलीच्या पानांच्या मांडवाच्या) आत शिरून पलीकडे निघायला हवी. डिस्कचंही तेच. व्हेंटिलेटेड डिस्क स्वतःच पंप आहे, ती मधल्या भोकातून, हबच्या (चाक बसतं त्या मधल्या भागाच्या) बाजूने हवा ओढते आणि पाकळ्यांमधून बाहेर फेकते. आपण फक्त तिच्या तोंडाशी गार हवा नेऊन ठेवायची. तोंडाशी, गालावर नाही.

मग नीट केलं. मूळ पत्रा परत आणला, त्याच्या मापाचा कागदी नमुना कापला, अंबडच्या लेझर कटिंगवाल्या मामांकडून 2 मिलिमीटर ॲल्युमिनियमची प्लेट कापून घेतली, डिस्कच्या आतल्या बाजूपासून सात-आठ मिलिमीटर लांब, जवळजवळ पूर्ण गोल, आणि हबच्या भोवती लांबट तोंड वेल्ड करून तिथे होज. पुढच्या चाकांची गाडी असल्यामुळे ॲक्सल मध्ये येतो, जागा फार थोडी, एबीएस सेन्सरची वायर वेगळ्या क्लिपने बाजूला घ्यावी लागली. गोल पाइप जात नव्हता म्हणून शेवटचं तोंड चपटं केलं, पण क्षेत्रफळ कमी होऊ दिलं नाही. होजमध्ये वळण जितकी कमी तितकं बरं, आमच्यात दोन राहिली.

ट्रॅकवर जायच्या आधी गॅरेजमध्येच बघितलं. गाडी स्टँडवर, होजच्या पुढच्या टोकाला शॉप व्हॅक्युमची फुंकणारी बाजू, मित्र चाक हाताने फिरवतोय आणि मी डिस्कच्या कडेला उदबत्ती धरून बसलोय. मिस्त्री म्हणाला, पूजा करताय का गाडीची. पहिल्या बाजूला धूर कडेने सगळीकडून बाहेर ढकलला जात होता, दुसऱ्या बाजूला अर्ध्याच भागातून, बघितलं तर प्लेट आणि हबमधली फट जास्त होती, हवा पाकळ्यांत न जाता मागून निसटत होती. फट बुजवली. पाच रुपयाच्या उदबत्तीने एक ट्रॅक डे वाचवला.

काय मिळालं

तोच ट्रॅक, तेच पॅड, तेच ऑइल, हवामान थोडं गार होतं हे कबूल. डावी पॅडची पाठ 350 च्या आसपास, उजवी 390. आतला-बाहेरचा हिरवा ठिपका डावीकडे दोन्ही शाबूत, उजवीकडे दोन्ही सारखेच उडालेले, केशरी कुठेच नाही. थरथर नाही. पॅड किती झिजले ते बघायला अजून दोन सेशन लागतील.

पण खर्चाच्या हिशोबात बघाल तर पहिला नंबर ऑइलचा, त्यात वाद नाही, दुसरा पॅडचा, तिसरा ड्रायव्हरच्या उजव्या पायाचा आणि चौथा डक्टचा, आणि सगळ्यात जास्त वेळ आम्ही घातला चौथ्यावर. बिग ब्रेक किट घेतलं असतं तर जड डिस्कमुळे प्रत्येक ब्रेकिंगला चढ कमी झाली असती हे खरं, पण जुनं ऑइल त्यातही उकळलं असतं. आणि भोकं पाडलेल्या ड्रिल्ड डिस्क घेऊ का, असं मध्येच विचारत होता, त्याला म्हटलं दिसायला छान, पण भोकं म्हणजे तेवढं बीड कमी आणि चिरा तिथूनच सुरू होतात.

ट्रॅकवरच्या सवयी पण बदलल्या. शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता, मग पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक नाही, गिअरमध्ये आणि चाकाला दगडाची ओट. लालबुंद डिस्कवर पॅड दाबून उभं केलं तर पॅडचा ठसा उमटतो, आणि गाडी उभी असताना वारा नसतो त्यामुळे डिस्कची धग कॅलिपरमध्ये झिरपते, चालताना न उकळलेलं ऑइल उभ्या गाडीत उकळू शकतं. दहा मिनिटांनी परत निघताना पहिलं ब्रेक पेडल पिटमध्येच दाबून बघायचं.

घाटाचं कोणीतरी विचारेलच. वणीच्या गडावरून नांदुरीला उतरताना पॅडचा वास येतो, तिथे या डक्टचा काही उपयोग होईल का? नाही. तीस-चाळीसच्या स्पीडला नळीत पाच-सात मिलिमीटर पण पाणी हलत नाही. तिथे ट्रकवाल्यांचं शास्त्र, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि ब्रेकवर पाय ठेवून सरपटत जायचं नाही. आणि हे सगळे प्रयोग ट्रॅकवरचे आहेत, गडाच्या रस्त्यावर भाविकांच्या एसटी आणि पायी चालणारी माणसं असतात. इन्शुरन्सचंही बघून घ्या, साध्या पॉलिसीत शर्यत आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं.

पावसाळ्यात होजमधून चिखल आणि बारीक खडी थेट डिस्कच्या पोटात जाते, म्हणून जूनपासून होज काढलेली आहे आणि जाळीमागच्या तोंडावर श्रीखंडाच्या डब्याचं झाकण बसवलंय, मापात बसलं. प्लेट तशीच आहे. उजवी डिस्क अजून डावीपेक्षा चाळीस अंश गरम राहते, त्यावर खरा इलाज मेकॅनिकल लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, त्याची किंमत ऐकल्यावर मालक म्हणाला ते मार्चमध्ये माल गेल्यावर बघू.